नवीन एसएसडीवर विंडोज टाकलं आणि नेट गायब! नेटवर्कचा ड्रायव्हर नेटशिवाय आणायचा कसा?

मोतीबाग_टेसन

मंडळी, घरच्या कॉम्प्युटरला नेट नाही. फोनवरून टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गाव दारव्हा तालुक्यात. लॉकडाऊननंतर असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, रायझन प्रोसेसर आणि बी५५० मदरबोर्ड. तेव्हा पैसे पुरले नाहीत म्हणून हार्डडिस्कवरच भागवलं होतं. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बायको बटण दाबून चहा मांडायला जायची. तिचं शाळेचं ऑनलाइन काम, बाबांचे सातबारा आणि पीकविम्याचे कागद, पोराचा अभ्यास, सगळं त्याच्यावरच. शेवटी तालुक्याच्या एका दुकानातून एसएसडी बसवून घेतली. त्यानं स्वतःच्या पेनड्राइव्हवरून विंडोज १० टाकून दिलं. आता पळतंय मस्त, पण नेटवर्कच्या चिन्हावर लाल फुली.

फायबरच्या डब्यातून केबल थेट सीपीयूला येते. मागे पोर्टजवळचा दिवा लुकलुकतो. वायफायचा नखाएवढा यूएसबी डोंगल आहे, तोही ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर ‘अदर डिव्हायसेस’च्या खाली ‘इथरनेट कंट्रोलर’ आणि ‘८०२.११एन एनआयसी’, दोघांवरही पिवळा उद्गारवाचक.

दुकानवाला फोनवर म्हणतो लॅन पोर्ट उडालं, बोर्ड बदलावं लागेल. भाचा म्हणतो ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो भाग चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, डाउनलोड करा. अरे बाबा, कशावर करू? बोर्डाच्या खोक्यात सीडी आहे, पण सीडी घालायला ड्राइव्हच नाही. करायचं काय?

सदाशिव_पेठी

नेट नाही ही तक्रार नेटवर नोंदवल्याबद्दल अभिनंदन.

मोतीबाग_टेसन

@सदाशिव_पेठी, पहिलं वाक्य वाचा की राव.

हार्डवेअरवाला_अकोट

भाऊ, बोर्ड बदलू नका. कायले बदलता? पोर्ट उडालं असतं त डिव्हाइस मॅनेजरमधी बहुतेक त्याचं नावच दिसलं नसतं. पिवळं चिन्ह दिसून राहिलं म्हंजे विंडोजले चिप दिसते, पण तिच्याशी बोलाचं कसं ते मालूम नाही. त्या नावावर डबल क्लिक करा, आत ‘कोड २८’ लिहेल असन. कोड २८ म्हंजे ड्रायव्हर टाकलाच नाही. कोड १० किंवा ४३ असन त गोष्ट येगळी, मंग बोलू.

माह्या दुकानात असे गिऱ्हाईक नेहमी येतात. दुसऱ्यानं बोर्ड बदलाले सांगितलं रायते, अन् अर्ध्या घंट्यात मशीन नेट धरून घरी जाते.

संत्राबर्फी

दुकानदाराला इतक्यात खोटं ठरवू नका. आमचं खरंच उडालं होतं.

मोर्शीजवळ शेतातलं घर. मृगाच्या आधीचा वादळी पाऊस, कडाडून वीज पडली, दिवे गेले. लाईन आली तेव्हा टीव्ही ठीक, फ्रीज ठीक, कॉम्प्युटर सुरू झाला, फक्त नेट नाही. मी म्हणत होतो फायबर तर काचेचं, त्यातून करंट येतो कसा? लाइनमननं दाखवलं. करंट येतो फायबरच्या डब्याच्या अॅडॅप्टरमधून, तिथून तांब्याच्या लॅन केबलनं सरळ बोर्डात. शिवाय खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या केबलला आधार म्हणून पुष्कळदा लोखंडी तार असते, ती वेगळीच.

त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये इथरनेटचं नावनिशाण नव्हतं. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) ‘ऑनबोर्ड लॅन’ चालू दिसत होतं, तरी नाही. केबल कितीही लावा, दिवा पेटत नव्हता. बोर्ड मात्र बदललं नाही. यूएसबीला लॅन जोडायचा एक कन्व्हर्टर मिळतो, तो लावला, अजून चालू आहे. आता आभाळ भरून आलं की आई आधी डब्याचा अॅडॅप्टर आणि लॅन केबल काढते, मग वाळवणं आत घेते.

हार्डवेअरवाला_अकोट

@संत्राबर्फी, बरोबर हाये तुमचं. पण तुमचं नाव गायब होतं, यायचं नाव दिसून राहिलं. अन् यायचा दिवाही लुकलुकते. हाच फरक पाहाचा असते.

आणखी एक. काही वेळा लाईन झपकन जाऊन आली की लॅनची चिप अडकून बसते. तवा सीपीयूची मेन पिन काढाची, पावर बटण अर्धा मिनिट दाबून धराचं, मंग पिन लावाची. फुकटचं काम हाये, करून पाहाले काय जाते.

वडसा_देसाईगंज

मी सेवा केंद्र चालवते, त्यामुळे हे माझं रोजचं आहे. सर्वात सोपा मार्ग अजून कोणी सांगितला नाही, याचं नवल वाटलं.

अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं सीपीयूला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ असतं, ते चालू करा. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये आधीपासून असतो, त्यामुळे कॉम्प्युटर फोनलाच नेटवर्क कार्ड समजतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रिमोट एनडीआयएस’ असं नाव येईल.

मोबाईलला रेंज नसेल तरी बिघडत नाही. फोन घरच्या वायफायला जोडलेला ठेवा आणि मग टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन वायफायचं नेटसुद्धा केबलमधून पुढे देतात, डेटा खर्च होत नाही. नेट आलं की विंडोज अपडेट चालवा, ड्रायव्हर तोच शोधून आणेल. आमच्याकडे पावसाळ्यात टॉवर बंद पडतो तेव्हा केंद्रातला जुना फोन मी याच कामाला ठेवते.

तूर_लाल

एवढी मेहनत कशाला? ड्रायव्हर पॅकचं सॉफ्टवेअर मिळतं, ते मित्राकडून पेनड्राइव्हवर आणा. एक बटण दाबलं की सगळे ड्रायव्हर टाकून मोकळं.

कोड_अठ्ठावीस

@तूर_लाल, आणि सोबत दोन अँटिव्हायरस, एक ब्राउझर आणि उघडल्या उघडल्या जाहिराती. त्या ‘एका बटणा’नं काय काय आत येतं हे आपण पाहत नाही. पाहिजेच असेल तर फक्त नेटवर्कपुरतं काम करणारं ‘थ्रीडीपी नेट’ आहे. त्यात पुष्कळ कंपन्यांचे लॅन ड्रायव्हर आतच भरलेले असतात, नेट लागत नाही. तेही त्यांच्याच साइटवरून घ्या, गावभर फिरलेल्या पेनड्राइव्हवरून नको.

तूर_लाल

मी कितीतरी मशीनवर टाकलंय, काही झालं नाही. तुम्ही पुस्तकी लोक.

कोड_अठ्ठावीस

झालं नाही असं नव्हे, दिसलं नाही. असो. धागाकर्त्याकडे वळू.

इथरनेट कंट्रोलरवर डबल क्लिक, ‘डिटेल्स’ टॅब, खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे ‘व्हीईएन’ आणि ‘डीईव्ही’ यांच्यापुढे चार-चार अक्षरं असतील. पहिली चार कंपनी सांगतात. १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. दुसरी चार चिपचं मॉडेल सांगतात. ती इथे टाका. आणि स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ टाइप करून विंडोजची आवृत्तीही बघून सांगा.

पेंग्विन_परतवाडा

कोणी विचारलं नाही तरी सांगतो. उबंटू किंवा मिंट (विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स) पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा, इन्स्टॉल काही करू नका. रियलटेकच्या लॅनचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतो, ‘आर८१६९’ नावाचा. केबल लावली की नेट यायला पाहिजे. आलं तर पोर्ट ठणठणीत, दुकानदाराची थाप उघडी. आणि आलंच आहे तर विंडोजकडे परत जाताच कशाला?

सदाशिव_पेठी

आलाच का पेंग्विन. मी वाटच पाहत होतो.

पेंग्विन_परतवाडा

हसा लेको. तपासणी म्हणून तरी मान्य करा, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांचा निकाल एका फटक्यात लागतो.

कोड_अठ्ठावीस

तपासणी म्हणून मान्य. पण शाळेच्या कामाची मशीन लिनक्सवर नेली तर वहिनी धाग्यावर येऊन तुम्हाला शोधतील. अजून एक, वायफायच्या बाबतीत लिनक्सवरही रडारड असतेच. जुन्या ब्रॉडकॉमच्या कार्डाचं फर्मवेअर वेगळं आणावं लागतं, आणि ते आणायला परत नेट.

मोतीबाग_टेसन

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं.

अकोटच्या भाऊंनी सांगितलेलं केलं. पिन काढून बटण दाबून धरलं, फरक नाही. कोड मात्र २८च आहे.

वडसाच्या ताई, टेदरिंग करून पाहिलं. फोन चार्ज होतो, पण ‘यूएसबी टेदरिंग’ फिकं दिसतं, दाबलंच जात नाही.

आयडी असा आहे: व्हीईएन १०ईसी, डीईव्ही ८१२५. विंडोजची आवृत्ती १८०९.

वडसा_देसाईगंज

फिकं दिसतं म्हणजे तुमची केबल फक्त चार्जिंगची आहे. बस स्टँडवर मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये आत पॉवरच्याच दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. फोनच्या खोक्यातून आलेली मूळ केबल शोधा. आणि सीपीयूच्या पुढच्या नाही, मागच्या यूएसबीला लावा. पुढची पोर्टं असेंबल मशीनमध्ये भरवशाची नसतात.

कोड_अठ्ठावीस

मिळालं. १०ईसी, ८१२५ म्हणजे रियलटेकची आरटीएल८१२५, अडीच गिगाबिटची चिप. आणि तुमच्या दुकानदाराचं विंडोज १८०९ म्हणजे २०१८ सालचं. त्या पेनड्राइव्हमधल्या विंडोजला ही चिप माहीतच नाही. बी५५० बोर्डं बाजारात आली २०२० मध्ये.

म्हणूनच दुकानदार गोंधळला असावा. जुन्या बोर्डांवर रियलटेकची ८१११ किंवा ८१६८ असते, तिचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये आधीपासून असतो. तोच पेनड्राइव्ह तो सगळीकडे वापरत असेल आणि सगळीकडे नेट आपोआप येत असेल. तुमच्याकडे आलं नाही, म्हणून पोर्ट उडालं असा निष्कर्ष.

हार्डवेअरवाला_अकोट

पेनड्राइव्ह आठ वर्साचा अन् बोर्ड नवं. मी म्हटलं होतं ना, बोर्ड बदलू नका.

खडू_फळा

मी शिक्षक, यवतमाळ जिल्ह्यातलाच. एक विचारू का? एसएसडी बसवली, मग जुनी हार्डडिस्क कुठे आहे?

मोतीबाग_टेसन

आतच आहे सर, फोटोंसाठी ठेवली. डी ड्राइव्ह म्हणून दिसते. जुनं विंडोजही तिच्यावर तसंच आहे, पुसलेलं नाही.

खडू_फळा

मग तुम्हाला फोन नको, पेनड्राइव्ह नको, भाचा नको. त्या जुन्या विंडोजमध्ये नेट चालत होतं ना? म्हणजे ड्रायव्हर तिथेच पडून आहे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये इथरनेट कंट्रोलरवर राइट क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग दुसरा पर्याय: ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’. तिथे डी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हरस्टोअर, फाइलरिपॉझिटरी असा फोल्डर दाखवा. ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर टिक असू द्या. आत शेकडो फोल्डर आहेत, घाबरू नका, कोणता पाहिजे तो विंडोज स्वतः आयडीवरून हुडकतं. थोडा वेळ घेईल.

ज्यांनी त्याच डिस्कवर फॉरमॅट न मारता पुन्हा विंडोज टाकलं, त्यांच्याकडे सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा फोल्डर असतो. त्यातही हाच रस्ता चालतो. मात्र काही दिवसांनी विंडोज तो फोल्डर आपोआप उडवतं, म्हणून उशीर करू नका. आमच्या शाळेच्या लॅबमधल्या मशीन अशाच उभ्या केल्या. शाळेतलं नेट म्हणजे शकुंतला एक्सप्रेस, त्यावरून ड्रायव्हर डाउनलोड करायला बसलो असतो तर पोरं दहावी पास होऊन गेली असती.

पेंग्विन_परतवाडा

@खडू_फळा, सर, शकुंतलेला नावं ठेवू नका. अचलपूरहून मूर्तिजापूरला ती उशिरा का होईना, पोचवायची.

संत्राबर्फी

पोचवायची?? आमचे आजोबा मध्ये उतरून चहा पिऊन परत चढायचे म्हणे.

सदाशिव_पेठी

रेल्वेचा धागा वेगळा काढा कोणीतरी. मी वाचेन.

भरीत_पार्टी

मध्येच विचारतो, माफी असावी. आमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटचं फायबर येऊन पडलंय, ही योजना २०११ साली मंजूर झाली तेव्हा मी शाळेत होतो. आता डबा भिंतीवर आहे, दिवेही लागतात, पण कॉम्प्युटरला ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ येतं. हाही ड्रायव्हरच का?

कोड_अठ्ठावीस

@भरीत_पार्टी, नाही. ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ दिसतंय म्हणजे ड्रायव्हर काम करतोय, फक्त पलीकडून आयपी पत्ता (नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा नंबर) मिळत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ मारा. १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा आला तर कॉम्प्युटरनं पत्ता स्वतःच लावून घेतलाय. मग केबल, डब्यातलं दुसरं पोर्ट बदलून पाहा, नाहीतर नेट देणाऱ्याला फोन. ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

हार्डवेअरवाला_अकोट

@भरीत_पार्टी, अन् केबलची टोकं पाहा. आमच्या इकडं वानरं केबल वढतात. बाहेरून धड दिसते, आतून क्लिप सुटलेली रायते.

मोतीबाग_टेसन

आलं!!!

खडू_फळा सर, तुमचा रस्ता लागू पडला. फोल्डर दाखवला, हिरवी पट्टी सरकली आणि ‘रियलटेक गेमिंग २.५ जीबीई फॅमिली कंट्रोलर’ असं लांबलचक नाव आलं. लाल फुली गेली. पोराला ‘गेमिंग’ शब्द दिसला, तो आता वेगळाच हट्ट धरून बसलाय.

डोंगलचं मजेशीर झालं. जुन्या डिस्कवरून त्याचा ड्रायव्हर सापडला नाही, तो विकत घेतल्यापासून बहुधा पोराच्या लॅपटॉपलाच होता. पण लॅन सुरू झाल्यावर विंडोज अपडेट चालवलं तर त्यानं तोही आणून बसवला. वडसाच्या ताई, मूळ केबल कपाटात सापडली, तिनं टेदरिंगही लगेच लागलं. आता दोन रस्ते माहीत झाले.

दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, ‘तुमचं नशीब चांगलं.’

तूर_लाल

चला, माझं ऐकलं नाही तरी झालं ना काम. अभिनंदन.

कोड_अठ्ठावीस

आता धागा बंद करण्याआधी एक काम. १८०९ वर थांबू नका, त्याचे सुरक्षा अपडेट केव्हाच थांबलेत. आणि विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीचासुद्धा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बी५५० आणि रायझनवर विंडोज ११ सहसा चालतं, बायॉसमध्ये ‘एफटीपीएम’ (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) चालू करावं लागेल.

मात्र नवीन टाकण्याआधी ड्रायव्हर काढून ठेवा. विंडोज ११ सुरुवातीच्या सेटअपमध्येच नेट मागतं आणि नेटवर्कचा ड्रायव्हर नसेल तर त्याच पानावर अडकवून ठेवतं. पेनड्राइव्हवर ‘ड्रायव्हर’ नावाचा रिकामा फोल्डर आधी बनवा, मग कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडून ‘पीएनपीयूटिल’ ही आज्ञा चालवा: तिच्यापुढे स्पेस, स्लॅश एक्सपोर्ट-ड्रायव्हर, स्पेस, स्टारचं चिन्ह, स्पेस आणि त्या फोल्डरचा पत्ता. बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर तिथे जमा होतात.

वडसा_देसाईगंज

आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कोणाला गाणी भरायला देऊ नका. आमच्याकडे तेच होतं.

मोतीबाग_टेसन

केलं. पेनड्राइव्हवर फोल्डर तयार आहे, वर बायकोनं चिकटपट्टीवर ‘शाळा, हात लावू नये’ लिहून लावलंय. विंडोज ११ चं दिवाळीच्या सुट्टीत बघू, सध्या तिची ऑनलाइन माहिती भरायची तारीख जवळ आलीय.

भरीत_पार्टी

@कोड_अठ्ठावीस, १६९.२५४ च आलं. पण पंचायतीच्या डब्याच्या खोलीची किल्ली ग्रामसेवकाकडे आणि ते तालुक्याला. आणखी एक, घरच्या प्रिंटरचाही ड्रायव्हर सापडत नाहीये, तो...

सदाशिव_पेठी

@भरीत_पार्टी, नवीन धागा काढा! आणि कंपनी, मॉडेल नंबर पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.